खांद्याइतकी फळी

"अरे, फळी एवढ्या वर लावलीस?" मी सुताराला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना मावशी, खांद्याइतकी लाव, तुला माहीतच आहे." आणि पुरावा म्हणून तो फळीला खांदा टेकवून उभा राहिला.

चूक माझीच होती. आमच्या जुन्या शाळेत दप्तरं अडकवायची हीच फळी मुलांच्या खांद्याइतकी होती. हा सुतारही तिथलाच. मोजमाप सांगताना माझ्या डोळ्यांपुढे तो पाच वर्षांचाच उभा होता.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होते. बालवर्गाला वाचता येत नाही, म्हणून फळीवरच्या प्रत्येक खुंटीला मी एकेक चित्र काढलं होतं. किटली, शिडी, कासव, छत्री. सुतार म्हणजे बदक. यंदा आमची दोन खोल्यांची शाळा बंद होऊन या मोठ्या शाळेत मिसळली. इथल्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या दिवशी तुमची वीस मुलं आली तर बालवर्ग राहील आणि तुम्हीही. नाहीतर दोन्ही नाही." सुट्टीभर मी घरोघरी चपला झिजवल्या होत्या.

"खाली घेऊ?" सुताराने विचारलं.

"आता कुठे? आज पहिला दिवस, लोक आलेसुद्धा."

आले होते, पण फाटकाबाहेरच थबकले होते. एवढी मोठी इमारत, आरशासारखी फरशी. मी या वयात धावत गेले. "आत या की. पत्रिका छापायला हवी होती का?"

"चपला काढायच्या का, मावशी?" एका बापाने विचारलं.

"चपला असू देत. लाज काढून ठेव."

तो मुलाला घेऊन आत आला. मुलाने दोन उड्या मारल्या, खुंटी काही हाताला लागेना. बापाने दप्तर घेतलं, हात वर नेला आणि तसाच थांबला. फळी खाली असती तर चित्रं त्याच्या मांडीपाशी राहिली असती. आता ती त्याच्या नाकासमोर होती.

"ही माझी किटली," तो हळूच म्हणाला. मग फाटकाकडे तोंड करून ओरडला, "अरे या लवकर, आपली फळी आहे इथे."

मग काय विचारता. व्हरांड्यात जत्रा.

"सरक, शिडी माझी."

"तू कसली शिडी, तू कासव होतास. अजून आहेस."

आयाबापांनी मुलांना कडेवर उचललं, खांद्यावर बसवलं, आणि दप्तरं आपापल्या जुन्या खुंट्यांवर चढू लागली. गोंगाट ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या आणि बोटाने मोजू लागल्या. एकोणीस.

फाटकाशी एक आई लेकीचा हात धरून अजून उभीच होती. जुनी शाळा वाचवायला सगळ्यांत जास्त भांडली होती ती हीच.

"आमच्या शाळेला कुलूप लावलंत आणि इथे हसायला बोलावताय," ती म्हणाली.

"हसू नकोस. छत्री तेवढी बघून जा."

ती आली. तिने चित्रावरून बोट फिरवलं. रंग नवा होता, मी सुट्टीतच दिला होता.

"अजून दांडा नाही हिला."

"तूच म्हणाली होतीस, दांडा मी घरी ठेवलाय. मग मी कसा काढणार?"

तिने पदरात नाही, लेकीच्या केसांत तोंड लपवलं. मग लेकीला उचलून म्हणाली, "अडकव गं."

"वीस," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि घंटा द्यायला मला बोटाने खुणावलं.

शाळा सुटल्यावर सुताराने फळी खाली घेतली. भिंतीत वर दोन भोकं उरली.

"बुजवून टाकू?"

"एक बुजव. दुसऱ्यात खुंटी ठोक."

"कोणाला?"

"मला."

त्याने खुंटी ठोकली, हाताने हलवून पक्की आहे ना ते पाहिलं. "चित्र कुठलं हवं, मावशी?"

एकतीस वर्षं हा प्रश्न मीच सगळ्यांना विचारत आले होते. मी माझी कापडी पिशवी खुंटीला अडकवली.

"उद्या सांगते," मी म्हणाले.