व्याह्यांसाठी दिलेला रंग

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, तुमच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हा मी बोटीतून उतरले. सोलापूरच्या एका गिरणीसाहेबाकडून मी माळशिरसला हिंदुरावांच्या दारी आले, तेव्हाच माझा हिरवा रंग उन्हाने विटला होता आणि मडगार्डांवर तांबूस डाग पडले होते. मला त्याची लाज नव्हती. कुंडलिक ड्रायव्हर रोज सकाळी मला पुसताना प्रत्येक डाग निरखायचा. डाग पसरला की कुठे गळतंय ते त्याला कळायचं. वीस वर्षांत त्याने मला रस्त्यात कधी बंद पडू दिलं नाही.

१९७४ साली हिंदुरावांच्या लेकीला, विजयमालेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला सासरहून, नातेपुत्याहून आणायचं ठरलं. पण लग्नात व्याही मला पाहून हसले होते, ते हिंदुरावांच्या जिव्हारी लागलं होतं.

"मालक, रंग ऱ्हाऊ द्या की," कुंडलिक म्हणाला. "हिचा एकेक डाग मला ठावं हाय."

"मग ही खरजुली मोटार व्याह्याच्या दारात नेऊ व्हय? नाक कापून घेऊ?"

झालं! सोलापूरहून वीरभद्रप्पा पेंटर आला. माणूस हाताने चोख, पण जन्म गेला कपाटं रंगवण्यात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल संपत जातं तशी त्यातून हवा आत येते. त्याला वाटलं, झाकण किडलंय. त्याने भोक लांबीचा लगदा भरून बुजवलं आणि वरून रंग दिला. मला सगळं कळत होतं, पण तोंड कुठे होतं? त्यात हिंदुरावांना रंगाचा आणखी एक हात हवाच असे. दीड महिना गेला. विजयमालेला नववा लागला.

हिंदुराव बायकोला घेऊन लेकीला आणायला निघाले, तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी, आत हवाच हवा. काही बिघडलं नाही. नातेपुत्यात व्याही माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांनी मानाने टाकी काठोकाठ भरून दिली. आता आत हवेला जागाच उरली नाही. बाहेरून यायला भोकही नव्हतं, आणि हवा आली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही.

विजयमालेला घेऊन परत निघालो आणि दोन कोसांवर मी आचके देत थांबले. वैशाखातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुंडलिकने प्लग काढले, पुसले. थोड्या वेळाने मी सुरू झाले, फर्लांगभर गेले आणि पुन्हा बंद. तेवढ्यात विजयमालेने आईचा हात घट्ट धरला. कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना माळशिरसला!

"प्याट्रोल तरी हाय का बगा की!" बजाबाई, तिची आई, ओरडली.

"व्याह्यानं काठोकाठ भरलंय," हिंदुराव म्हणाले.

"चुलीत घाला तुमचा व्याही! माजी पोरगी जाईल हितं!"

तिचं मन राखायला कुंडलिकने झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत घुसली. त्याने झाकण उलटंसुलटं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मालक, झाकणाचं भोक बुजिवलंय, हिचा दम कोंडलाय. फडकं द्या, लवकर!"

फडकं कुठलं असणार? हिंदुरावांनी व्याह्यांसमोर मिरवलेला जरीचा फेटा डोक्यावरून ओढला आणि टर्रकन फाडला. त्याचा तुकडा टाकीच्या तोंडाला बांधून कुंडलिकने मला पळवलं. खड्ड्याखड्ड्याला पेट्रोल हिंदकळून बाहेर यायचं, नव्या रंगावरून ओघळायचं, रंगाला फोड यायचे. अंगाची आग होत होती, तरी मी थांबले नाही. दवाखान्याच्या पायरीशी पोचले. घटकाभरात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि बोडक्या डोक्याचे हिंदुराव माझ्या मडगार्डावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

आठवड्याने वीरभद्रप्पा डबा-ब्रश घेऊन आला. "मागं लई खराब झालंय, मालक. परत एक हात देतो."

हिंदुराव म्हणाले, "मला नगं इचारू. कुंडलिकला इचार."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. मात्र त्यांना रंग देण्याआधी, ज्याच्या हातून त्या रोज पुसल्या जातात, त्या माणसाला एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही, पण त्याला येतं.