येर्नफॉर्सचे फोटो

शालिकराम कवठटोल्याला आला तेव्हा तिथे नुसतं सागाचं जंगल होतं, आणि डोंगरात मँगनीज आहे म्हणून कुणीतरी ठोकलेले चार खुंट. ते सत्तावन साल. आदल्या वर्षी बापाने दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि गावाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. म्हणून तो मैनाबाईला घेऊन खाणीवर आला. बारा वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत मजुरांच्या लाइनी उठल्या, शाळा झाली, दवाखाना झाला, गुरुवारचा बाजार भरू लागला. विहाराच्या पायाला त्याने स्वतः दगड वाहिले. इथे त्याला जात विचारून कुणी पाणी दिलं नव्हतं.

एकोणसत्तर साली बोअरचं यंत्र चालवायला स्वीडनहून निल्सन नावाचे साहेब आले. यंत्र जमिनीच्या पोटातून काठीसारखे गोल दगड वर काढायचं आणि शालिकराम ते लाकडी पेट्यांत ओळीने मांडायचा. साहेबांचं बोलणं हापिसातले नकाशे काढणारे प्रेमलालबाबू समजावून सांगायचे.

एका दुपारी जेवण झाल्यावर साहेबांनी खिशातून आपल्या गावाचे जुने फोटो काढले आणि गाव कसं वाढत गेलं ते सांगितलं. येर्नफॉर्स त्याचं नाव. आधी नदीवरच्या धबधब्याजवळ एक लोहारशाळा, मग डोंगरात लोखंड सापडलं, मग भट्टी, रूळ, मजुरांची लाल लाकडी घरं, शाळा, बँडबाजा. शालिकराम खुलून गेला. हे तर आपलंच गाव, फक्त दीडशे वर्षांनी मोठं. त्याने विचारलं, आता केवढं झालं असेल?

साहेब दोनच वाक्यं बोलले.

"खाण सरली म्हणतात," प्रेमलालबाबूंनी सांगितलं. "भट्टी बंद. शाळेत सात पोरं उरली."

"काहून सरली?"

साहेब पेट्यांकडे पाहू लागले. शालिकरामनेही पाहिलं. पहिल्या पेट्यांतले दगड मँगनीजने काळेकुट्ट, जड. पुढे राखाडी. गेल्या दीड महिन्यातले सगळे पांढरे, नुसतेच दगड. हे त्याच्याच हातांनी मांडलेले होते. पेट्या हलक्या झाल्या म्हणून तो मनात खूशही झाला होता.

"बाबू, साहेबाले विचारा, आमचं किती दिवस?"

"तीन साल. फार तर चार," प्रेमलालबाबूंनी विचारून सांगितलं, आणि वरून बजावलं की रिपोर्ट निघेस्तोवर तोंडातून ब्र काढशील तर नोकरी जाईल.

घरी पोचला तर दारात मैनाबाईचा धाकटा भाऊ भोजराज बसलेला. किरनापूरजवळचं शेत विकून इथे सायकलचं दुकान टाकायचं त्याने ठरवलं होतं. गिऱ्हाईक सोमवारी कागद करायला येणार होतं. मैनाबाईने आनंदाने खीर केली होती. शालिकरामच्या डोळ्यांपुढे आपली नोकरी होती, भोजराजचं शेतही होतं. शेवटी त्याने ताट बाजूला सारलं.

"भोजराज, शेत नको विकू. हे गाव राहत नाही."

भोजराज त्याच्याकडे बघतच राहिला. हातची नोकरी, पक्कं घर, आणि हाच माणूस असं बोलतो?

"मी तुमच्या शेजारी आलो तर तुमाले जड जाते काय, भाऊजी?"

शालिकरामने दगडांचं सांगून पाहिलं. भोजराजने ऐकून घेतलं नाही, चपला घालून तो निघून गेला. सोमवारी मात्र त्याने कागद केला नाही. मनात शंका शिरली होती. पण बहिणीच्या घरी तो पुन्हा फिरकला नाही. मैनाबाई नवऱ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलली.

बहात्तरच्या मार्चात हापिसाच्या भिंतीवर खाण बंद होत असल्याची नोटीस लागली. आठवड्याभरात ठेकेदाराची माणसं गावातली कौलं उतरवू लागली. आधी शाळेची उतरली. शालिकरामला तीन वर्षं सगळं ठाऊक होतं, तरी उघड्या पडलेल्या वर्गातला फळा दिसला आणि तो रस्त्यावरूनच मागे फिरला. त्याला वाटलं होतं, आधी कळलं की मनाला कमी लागतं.

दुसऱ्या दिवशी भोजराज बैलगाडी घेऊन आला. माफी वगैरे त्याने मागितली नाही. भांडी गाडीत ठेवता ठेवता एवढंच म्हणाला, "शेताच्या धुऱ्याजवळची जागा साफ केली हाये. तिथंच घर बांधा."

शालिकराम "हौ" म्हणाला. मग त्याने उरलेली भांडी गाडीत चढवली.