मधाच्या रंगाचं ऑइल

म्हाताऱ्याने आपल्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनातली ऑइलची पट्टी ओढून पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. ऑइल बदलायला आलं होतं, काळंकुट्ट असायला हवं होतं. पट्टीवर तर मधाच्या रंगाचं ताजं ऑइल होतं. या गाडीला आजवर त्याच्याशिवाय कुणी पाना लावला नव्हता.

संशय थेट जावयावर गेला. त्याचा गाडीवर डोळा होताच. लांब पळवून आणली असणार आणि ऑइल बदलून पाप झाकलं असणार! म्हातारा कण्हत गाडीखाली सरकला. ऑइल काढायच्या खालच्या नटाचा तांब्याचा वॉशरही कोरा करकरीत होता.

"जावईबापूंना बोलव!" तो खालूनच गरजला.

"त्यांना साधं बॉनेट उघडता येत नाही," टॉर्च धरून उभी असलेली बायको म्हणाली. "उगाच त्यांच्या नावाने शंख करू नका. मी बदललं."

"तू? चेष्टा करतेस?"

"मागच्या वेळी तुम्ही नट ढिलाच ठेवलात. परवा येऊन बघते तर फरशीवर ऑइलचं थारोळं. इतकी वर्षं टॉर्च धरून मी काय डोळे मिटून उभी होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाडीखाली जायचंच सोडलं असतं."

म्हाताऱ्याने नटावरून बोट फिरवलं. ठणठणीत कोरडा. आपल्या बोटांकडे मात्र तो बराच वेळ संशयाने बघत राहिला. मग बाहेर येऊन त्याने तिच्या हातातला टॉर्च घेतला.

"आता ब्रेकचं ऑइल बदलायचंय," तो म्हणाला. "तिथे चूक चालत नाही. नट तू आवळ, मी उजेड धरतो."