लोणच्यावरचा सात नंबर

प्रमिलाची एक खोड यशोदाबाईंना लग्नापासून खटकत होती. बोलायचं तिथं ही सून बोलत नसे. भाजीवालीनं मापात किडकी वांगी घातली तरी पिशवी पुढे करून उभी! आणि आज तर पुण्याहून आलेले तिच्या प्रबंधाचे सर बैठकीत बसून अर्धा तास तिची सालटी काढत होते, तरी ही बया खाली मान घालून फरशीच मोजत होती. नवरा, म्हणजे यशोदाबाईंचा सुकदेव, चहाचा ट्रे धरून दारात खांबासारखा उभा.

यशोदाबाई स्वयंपाकघरात मांडीवर सूप घेऊन दादर ज्वारी निवडत होत्या. मेहरूण भागात त्यांच्या निवडण्याचं नाव होतं. चार घरच्या बाया डाळ-तांदूळ त्यांच्याकडे आणून टाकत. "मी निवडलेल्या डाळीत खडा लागला तर समज, तुझाच दात पडला," असं त्या छातीठोक सांगत. हात सुपात होते, कान बैठकीत.

"हे बघा," सर म्हणाले, "या सात नंबरच्या ग्रॅनाइटची भुकटी सांगते की दगडात सिरियम भरपूर आहे, लॅन्थनम भरपूर आहे. आता ही दुर्मिळ मूलद्रव्यं काही दगडभर पसरून बसत नाहीत. शंभरातला एखादा बारीक कण त्यांना पोटात घेऊन बसतो. बरोबर?"

"हो सर."

"मग त्याच दगडातून तुम्ही वेगळे काढलेले कण बघा. झिरकॉन आहे, पण ते जड मंडळींना घेतं, सिरियमसारख्या हलक्यांना उंबऱ्यावर उभं करत नाही. अ‍ॅपेटाइट घेतं, पण एवढं नाही. घ्यायला हवं ते अ‍ॅलनाइट. आणि तुमच्या वाटीत अ‍ॅलनाइटचा एक काळा दाणा नाही. एकसुद्धा नाही! मग सिरियम राहतं कुठं, हवेत?"

यशोदाबाईंचं बोट सुपात थांबलं.

काळा दाणा.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. प्रमिला कॉलेजात गेली होती. खिडकीशी तिच्या त्या दुर्बिणीसारख्या यंत्राजवळ काचेची वाटी उघडी राहिली होती. वाटीत बारीक दाणे, मधाच्या रंगाचे, काचेसारखे, आणि मधेच मोहरीच्या पावपट काळे खडे. सुनेचं काम अर्धवट बघून यशोदाबाईंना राहवलं नव्हतं. झाडूची काडी जिभेवर ओली करून त्यांनी पंचवीस-तीस काळे टिपले आणि अंगणात झटकून दिले. सांगितलं कुणाला नाही. केलेल्या कामाची दवंडी त्या पिटत नसत. उलट, सून कौतुकाचा एक शब्दही बोलली नाही म्हणून आठ दिवस त्यांनीच तिच्याशी अबोला धरला होता.

"तो दगड शिल्लक आहे?" बाहेर सरांचा आवाज चढला.

"नाही सर. दोन तुकडे होते. एक फोडला, दुसरा सापडत नाही."

"आणि तो आणलात ती टेकडी?"

"सडकेच्या खडीला गेली."

"छान! म्हणजे पडताळायला काही नाही. एक तर तुम्ही नमुने मिसळलेत, नाहीतर आकडे घरी बसून भरलेत. असला प्रबंध मी पुढे पाठवणार नाही. चार वर्षं गेली, प्रमिलाबाई, आता ते विसरा. माझी गाडी पाच वाजता आहे."

आता तरी बोल गं, यशोदाबाई मनात म्हणाल्या. बाहेरून प्रमिलाचं पुन्हा नुसतं "हो सर" आलं. बोलावं तर परक्या माणसापुढे आपल्या निवडण्याचं नाक कापलं जातं, उद्या सगळ्या मेहरूणात होतं. न बोलावं तर पोरीची चार वर्षं आपण सुपातून फुंकली. सरांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

त्या उठल्या. लोणच्याच्या बरणीतला वजनाचा दगड काढला, लुगड्याच्या पदरानं पुसला आणि डोक्यावरचा पदर सारखा करत बैठकीत आल्या.

"बसा जरा. काळे दाणे मी काढले."

"आई!" सुकदेव म्हणाला.

"तू ट्रे खाली ठेव आधी." मग सरांकडे वळून, "मला वाटलं खडे आहेत. चांगला दाणा खडा म्हणून फेकला. जन्मात पहिल्यांदा."

"आजी, सुनेला वाचवायला बोलताय हे समजतं मला. पण पुरावा लागतो."

"हा घ्या पुरावा." तेलानं माखलेला तो गुलाबी दगड त्यांनी सरांच्या कागदांवरच ठेवला. "आमच्या इकडे बठ्ठा, सगळा दगड काळा. असा गुलाबी पहिल्यांदाच बघितला. हिच्या पोत्यातून उचलला, कैरीवर ठेवला. हिला विचारलं नाही. स्वतःच्या घरात मी कुणाला विचारत नाही."

सरांनी नाक मुरडत रुमालानं तेल पुसलं. तांबड्या रंगात, प्रमिलाच्या अक्षरात, सात. खिशातलं भिंग डोळ्याला लावून ते दगडाच्या फुटक्या बाजूवर वाकले. मग त्यांनी दगड उजेडाकडे फिरवला.

"काळा ठिपका," ते हळूच म्हणाले. "भोवती तांबूस कडा, आणि चिरा फुटल्यात. इथेही. इथेही एक." भिंग खाली आलं. "अ‍ॅलनाइटसारखंच दिसतंय. बाहेरचं खारट सगळं काढून टाका, फक्त पोटातला भाग फोडा. सगळं पहिल्यापासून करा. दोन महिने देतो. आणि वाटी आजींपासून लांब ठेवा."

सुकदेव हसला. प्रमिला हसली नाही, आणि मघाशी काळ्या दाण्यांचं ऐकून ती दचकलीही नव्हती. यशोदाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

सर गेले. दार लागलं.

"तुला माहीत होतं."

प्रमिलानं होकाराची मान डोलावली. "झाडूच्या काडीला एक दाणा चिकटलेला होता. पण तुमचं नाव सरांपुढे कसं घेऊ, आई?"

राग आला की यशोदाबाईंच्या तोंडी धुळ्याकडची माहेरची बोली यायची. आज ती अर्धीच आली.

"ऐक. दाणा फेकला ती माझ्या डोळ्याची चूक. मी ती बोलून मोकळी झाले. जाणूनबुजून गप्प राहिलीस ती तुझ्या तोंडाची चूक, आणि ती मोठी शे. दगडाच्या पोटातलं काढतेस, स्वतःच्या पोटातलं काढता येत नाही? घाबरट शे तू, व माय. यापुढे मी चुकले तर चारचौघांत सांगायचं. पुन्हा मनं नाव झाकशी, तर त्या बरणीवर दगडाच्या जागी तुलेच बसाडसू!"