शेवटचा फर्मा

"प्रत्येकाने वाचाव्यात अशा दहा बोधप्रद कादंबऱ्या. यादी उद्या भिंतीवर लागेल. ही पहिल्या नंबरची, जरा पुठ्ठा ठीक करून द्या," असं म्हणत ग्रंथपाल बाईंनी जाडजूड तपकिरी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि बाइंडरकाकांनी ते पाहताच ओळखलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच ते शिवलं होतं. त्या दिवशी दोन कादंबऱ्या एकदम उसवल्या होत्या, एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या. घाईत दोन्हींचे शेवटचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, अदलाबदल झाले. खोटारड्या पोस्टमास्तराच्या गोष्टीला उधळ्या शिंप्याचा शेवट चिकटला. चूक लक्षात आली तोवर दोन्ही पुस्तकं वाचकांकडे गेली होती. तक्रार आली की कबूल करू, म्हणून काका थांबले. तक्रार आलीच नाही. हळूहळू भीती ओसरली आणि तिच्या जागी कुतूहल येऊन बसलं. शेवटपर्यंत कुणी वाचतच नाही की काय?

आता मात्र यादी लागणार, गावभर वाचणार आणि तीस वर्षांच्या हाताचं नाव जाणार. त्यांनी पुस्तकातलं कार्ड पाहिलं. निवृत्त हेडमास्तरांनी पुस्तक तीनदा नेलं होतं. हेडमास्तर तिथेच वाचनालयात पेपर वाचत बसलेच होते. शेवट कसा वाटला, असं काकांनी आडून विचारलं. बोध पहिल्या पन्नास पानांतच कळतो, शेवटात काय ठेवलंय, असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी हे ऐकलं. जवळ येऊन त्या म्हणाल्या, "पोस्टमास्तराचा शेवट त्या दुसऱ्या पुस्तकात आहे, काका. मी शोधून काढला."

"कधी?"

"झाली सात-आठ वर्षं. बोलले असते तर तुमच्यावर आलं असतं."

काकांना इतकी लाज कधी वाटली नव्हती. या बाईने आपली चूक पोटात ठेवली आणि आपण बसलो लोकांच्या वाचनाची परीक्षा घेत. दुसरं पुस्तक कपाटातून काढून, दोन्ही घेऊन ते तडक ग्रंथपाल बाईंकडे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. नव्याने शिवून देतो, पुढचं तुम्ही ठरवा, म्हणाले.

बाईंनी शेवटची पानं उलटून पाहिली. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे, त्या पोस्टमास्तराचं शेवटी होतं काय?"

काका चपापले. यादी तर बाईंनीच केली होती.

"मी नुसती शिवतो, बाई. मावशींना विचारा."

मावशींनी बादली दाराबाहेर ठेवली, हात कोरडे केले आणि बाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर त्या जपून टेकल्या. इतकी वर्षं ती खुर्ची त्यांनी फक्त पुसली होती.