बॉनेटवरचा भंडारा

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल जीप आहे आणि सध्या मी फार सुखात आहे, असं सगळे म्हणतात. जुळे सोलापुरात सुबोध सरांच्या बंगल्याखाली माझी वेगळी खोली आहे. भिंतीवर विमानांची चित्रं, कपाटात बोटाएवढ्या मोटारी, इंग्रजी युद्धपटांची पोस्टरं. उन्हाची तिरीपसुद्धा माझ्यावर पडू देत नाहीत. खरं सांगू? मला इथे मुळीच करमत नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट एका सरकारी खात्यात. साहेब फिरले, साहेबांचे पाहुणे फिरले आणि काम सरल्यावर मला आवारात लिंबाखाली टाकून दिलं. कामापुरता मामा, दुसरं काय. लिलावात मला सांगोल्याकडच्या बिरदेव मेंढपाळानं घेतलं, तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

सतरा वर्षं मी बिरदेवची होते. थकलेली कोकरं, व्यालेल्या मेंढ्या, पाण्याची पिंपं, लोकरीची गाठोडी, त्याची बायको केराबाई आणि तिची भांडीकुंडी, सगळं मी वाहिलं. लेंड्यांचा वास मागच्या फळीला कायमचा बसला होता. मी कोणत्या सालची, हे बिरदेवला ठाऊक नव्हतं. पण आवाज जरा बदलला की तो मला थांबवून कान लावायचा. दर खंडेनवमीला मला धुऊन बॉनेटवर बिरोबाचा भंडारा लावायचा, तोही मूठभर, हात आखडता न घेता.

पुढे त्याची नजर अधू झाली, मेंढरंही गेली. मग सुबोध सर मला बघायला आले. ते कॉलेजात गणित शिकवतात, पण जीव सगळा यंत्रांत. माझ्या चाकापाशी मातीतच बसून राहिले. मला तेव्हा ते आवडले होते.

"न्या सर," बिरदेव म्हणाला. "पर माजी एक अट हाय. खंडेनवमीला मी भंडारा लावाया येनार. तेवडं न्हाय म्हनू नका."

"काका, गाडी तुमचीच आहे. केव्हाही या," सरांनी शब्द दिला.

पहिली दोन वर्षं शब्द पाळला गेला, कारण तेव्हा माझा पत्रा ठोकायचं काम चालू होतं आणि हळद कुठेही सांडली तरी चालत होती. बिरदेव एसटीनं यायचा, भंडारा लावायचा, मला चाचपून बघायचा आणि परत जायचा.

तिसऱ्या वर्षी माझ्यावर नवा रंग चढला. खंडेनवमीनंतर आठच दिवसांनी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. बिरदेव आला, त्यानं पिशवीतून मूठ भरली आणि सर आडवे आले.

"काका, थांबा. हळदीचा डाग निघत नाही. असं करा, हा गाडीचा फोटो आहे, त्याला लावा."

"फोटूला?"

"भावना महत्त्वाची, काका."

"अहो, लावू द्या की त्यांना. पुसून घेऊ आपण," सरांची बायको उत्कर्षा म्हणाली. सर माझ्या बॉनेटवर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

बिरदेवनं मूठ पिशवीत परत सोडली. "ऱ्हाऊ द्या सर. तुमी तिला लई जपताय की," एवढं म्हणून तो चहा न घेताच निघाला. बोटांना राहिलेली हळद त्यानं स्वतःच्याच कपाळाला लावली. मला साधा हॉर्नही वाजवता आला नाही.

पुण्यात मला पहिलं बक्षीस मिळालं. कुणीतरी विचारलं, आधी कुणाकडे होती? सर हसून म्हणाले, "एका खेड्यात उकिरड्यावर कुजत पडली होती. मी वाचवली." टाळ्या पडल्या. त्याच माईकवरून त्यांनी सांगितलं की यंत्रालाही मन असतं. असतं, मित्रांनो. म्हणूनच तो उकिरडा मला अजून सलतो.

यंदाच्या खंडेनवमीला बिरदेव आला नाही. उत्कर्षाताईंनी फोन लावला, तेव्हा केराबाई म्हणाली, "त्यास्नी आता कायबी दिसत न्हाय. अन् दिसत असतं तरी आलं नसतं."

मित्रांनो, यंत्रांवर प्रेम करा, जरूर करा. पण ज्या हातांनी त्यांना चालवलं, त्या हातांना दारातून परत पाठवू नका. माझ्या बॉनेटवर आज एकही डाग नाही, आणि मला त्याची लाज वाटते.