पालथा नवरदेव

विजयेंद्राच्या घराण्यात सोयरिकीसाठी कुणी उंबरठा ओलांडीत नसे. त्याच्या आईचे, कमलिनीचे, लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झाले होते. तंजावरहून चेन्नईला आले तरी रीत तीच. त्यामुळे तिथल्या अड्यार भागात डोळ्यांच्या डॉक्टरांनी "तुम्ही नवराबायको नात्यातले का?" असे विचारले, तेव्हा ती अभिमानाने म्हणाली, "बाहेरचं कुणी नाही हो, सगळे घरातलेच."

त्या घरातल्याच दुखण्याने विजयेंद्राचा डावा डोळा बालपणीच नेला होता. आता उजव्याचा पडदा सुटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तो जागी बसवला, आत वायूचा बुडबुडा भरला आणि बजावले, "आठवडाभर तोंड जमिनीकडे. मान वर केलीस तर बुडबुडा सरकेल, आणि हा डोळाही जाईल."

असा तो बाजेवर पालथा, डोके कडेबाहेर काढून पडलेला असताना कमलिनीचा धाकटा भाऊ राणोजीमामा साखरपुड्याचे ताट घेऊन आला. मागून त्याची मुलगी हरिप्रिया, विजयेंद्राची ठरलेली नवरी.

"मामाला नमस्कार कर रे," कमलिनी म्हणाली.

"राहू दे, अक्का. साष्टांगच घातलाय पोरानं." मामा बाजेशी उभा राहिला. "ऊठ, घटकाभर बस. अंगठी घाल, मग पड पुन्हा. एवढा चांगला मुहूर्त वर्षात नाही."

विजयेंद्राने आजवर वडीलधाऱ्यांच्या मुद्रा पाहून नुसती मान डोलावली होती. त्याचे सारे नकार घशातच वृद्ध झाले होते. आज समोर मुद्रा नव्हत्या. खाली फरशीचा धूसर उजेड होता, आणि फरशी कुणावर रागावत नाही.

"मामा, मी उठणार नाही. आणि लग्नही करणार नाही."

"सेरी, बरं. फरशीशी बोलतोस की माझ्याशी?"

"तुमच्याकडे बघून बोलता आलं नसतं. आपलं रक्त घरातल्या घरात फिरतंय, म्हणून तर मी असा पडलोय. पुढचं पोर पालथंच जन्माला घालायचं का?"

कमलिनीने पदर तोंडाला लावला. मामा ताट उचलून तरातरा जिना उतरला. पानसुपारी पायरीपायरीवर सांडत गेली.

हरिप्रिया मात्र बाजेशेजारी जमिनीवर बसली. "मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर मीही नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. मग हळूच, "उद्या माझे डोळे दाखवायला जाते. फार दुखतं का?"

तिचा चेहरा एकदा पाहावा, असे त्याला फार वाटले.

"नाही दुखत," तो फरशीला म्हणाला, आणि मान खालीच ठेवली.